आर, ए, आय

अक्षरांशी खेळ करण्याची हौस बहुतेक सुशिक्षित समाजांत आढळते. परंतु प्रत्येक भाषेचा खेळ तिच्या लिपीच्या स्वभावाप्रमाणे निराळा होतो. आमच्याकडे सोळाव्या शतकात दैवज्ञ सूर्यकवीने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचिले. त्यातील श्लोक सुलट वाचला तर रामाची कथा आणि उलट वाचला तर कृष्णाची. शाळेतल्या मुलांना हे काव्य ठाऊक नसते, पण 'रामाला भाला मारा' हे वाक्य उलटे म्हणून दाखविण्याची ईर्ष्या त्यांनाही असतेच. ह्या दोन्ही ठिकाणी फिरवावयाचे असते ते अक्षर, म्हणजे व्यंजन आणि स्वर ह्यांची एकत्र बांधलेली गाठ. 'रा' हा एकच तुकडा. त्यातील र आणि आ वेगळे काढून कोणी फिरवीत बसत नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुट्या मण्यासारखे असते. कोणताही मणी कोठेही ओवावा आणि शब्द होतो का ते पाहावे. म्हणून त्या भाषेत ह्या खेळाचा केवढा तरी व्यापार झाला. १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन ह्याचे पहिले शब्दकोडे छापून आले. आल्फ्रेड बट्स नावाच्या एका अमेरिकन वास्तुविशारदाने मंदीच्या दिवसांत रचलेला खेळ १९४८ साली 'स्क्रॅबल' ह्या नावाने विकावयास आला. आणि २०२१ पासून पाच अक्षरांच्या 'वर्डल'ने आमच्या विद्यार्थ्यांना असे काही वेड लावले की आगगाडीतून उतरता उतरता ती मुले 'रेझ' आधी टाकावा की 'अराइझ', ह्यावर वाद घालू लागली. दोन्ही शब्दांत अक्षरे तीच पाच, केवळ क्रम निराळा, हे त्यांनी आपले आपणच शोधून काढले होते. शब्दसंग्रह वाढवा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे केलेल्या उपदेशाचा जो परिणाम झाला नाही, तो त्या खेळाने चार महिन्यांत झाला. असो.

अशाच एका पावसाळी दुपारी, वर्गातील निम्मी बाके रिकामी आणि उरलेल्या निम्म्यांचे चित्त खिडकीबाहेर अशी स्थिती पाहून, आम्ही फळ्यावर तीन अक्षरे लिहिली: आर, ए, आय. ही तिन्ही ज्यात आहेत असे शब्द प्रत्येकाने दहा मिनिटांत लिहावेत, विशेषनामे वर्ज्य, एवढाच नियम. ही तीन अक्षरे इंग्रजीत इतकी स्वस्त आहेत की स्क्रॅबलमध्ये तिघांनाही प्रत्येकी एकच गुण मिळतो. त्यामुळे पीक भरघोस आले. रेन, रेल, रेड, ट्रेन, ब्रेन, ग्रेन, ड्रेन. पेअर, हेअर, फेअर, चेअर, स्टेअर. कोणी 'रेझिन' म्हणजे मनुका आणल्या, कोणी 'ॲरिड' म्हणजे रुक्ष प्रदेश आणला. एका खट्याळ मुलाने 'रेल' ह्याच चार अक्षरांचा 'लायर' म्हणजे लबाड होतो असे दाखवून टाळ्या घेतल्या. तीन अक्षरांतच भागविणाऱ्यांना 'एअर' मिळाला. आणि भूगोल घेतलेल्या एकीने 'रिया' हा शब्द लिहिला, त्याचे आम्हांस फार कौतुक वाटले. कारण स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बोलीतून भूगोलशास्त्रात आलेला हा शब्द समुद्रात बुडालेल्या नदीमुखाचा, म्हणजे आपल्या कोकणच्या खाड्यांचाच वाचक आहे.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीच्या कागदावर सर्वांत वर जो शब्द होता तो मात्र बाद करावा लागला. तिने तीन अक्षरे होती त्याच क्रमाने पुन्हा लिहिली होती. "सर, हे माझं गाव आहे. चालणार नाही का?" असे तिने विचारले. विशेषनाम वर्ज्य, हे शेजारच्या मुलाने आमच्या आधीच सांगून टाकले. गाव कोणते, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राय." आणि मग थोडे थांबून, "म्हणजे राई. पण बाहेर सगळे राय म्हणतात. मीही आता तसंच सांगते. सोपं पडतं."

राई हे गाव भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे त्या रस्त्याला लागून एकापाठोपाठ येतात. २००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली, आणि ही सारी खेडी आता शहर ह्या सदरात आहेत. पण शहर ज्या इमारतींनी ओळखले जाते त्यांच्याकडे पाठ करून ह्या बाजूस चालू लागले की अजून मिठागरांचे वाफे, खाजण, तिवरांची झाडी आणि आगरी, कोळी, ख्रिस्ती वस्तीची जुनी घरे लागतात. मिठागर हे ज्याच्या नावात आहे त्या 'आगरी' शब्दाची फोड येथे कोणास करून सांगावी लागत नाही. आमच्याकडे दृष्ट काढावयाची ती मीठ-मोहऱ्या उतरून. त्यांपैकी मीठ ह्या गावाच्या शिवारात आणि मोहरी त्याच्या नावात, तेव्हा ह्या गावास कोणाची दृष्ट लागण्याचे कारण नव्हते. ती लागली रोमन लिपीची.

मौज अशी की त्या तीन अक्षरांचा ह्या प्रदेशावर काही विशेष लोभ दिसतो. रोमन लिपीत लिहिलेले मिरा घ्या, गोराई घ्या, खाडीपलीकडचे विरार घ्या. तिन्हींत आर, ए आणि आय हजर आहेत. त्यांपैकी गोराईत तर अख्खी राई सामावली आहे. परंतु गोराईला सहसा कोणी 'गोराय' म्हणत नाही. पुढचा 'गो' तिला सांभाळून नेतो. राई बिचारी एकटी. तीन रोमन अक्षरे पाटीवर उभी राहिली की उत्तरेकडचा मनुष्य त्यांना आपल्या ओळखीचे 'राय' समजतो, इंग्रजी शाळेत शिकलेले मूल त्यांना 'रे' वाचू पाहते, आणि राई म्हणणारा तोच राहतो ज्याला पाटी वाचावयाची गरज नाही.

ह्यात वाचणाऱ्याचा दोष तरी काय म्हणावा? ए आणि आय ही जोडी इंग्रजीत कोणत्या शब्दात काय बोलेल ह्याचा भरवसा इंग्रजांनाही नाही. 'रेन'मध्ये ती ए बोलते, 'सेड' म्हणजे म्हणाला ह्या शब्दात ऱ्हस्व होते, 'प्लॅड' ह्या चौकटीच्या कापडात ॲ होते, 'आइल' म्हणजे बाकांमधली वाट ह्यात आइ होते, आणि 'कॅप्टन'मध्ये जवळजवळ मुकी बसते. आमच्या 'राई'च्या उच्चाराजवळ जाणारा शब्द इंग्रजी कोशात शोधू गेले तर सापडतो तो जपानी योद्धा 'समुराई', नाही तर फारसी 'सराई'. म्हणजे तेही पाहुणेच.

ह्या अनागोंदीला लोक हसतात. आम्ही मात्र तीस वर्षे ती भाषा शिकविल्यावर तिला हसू शकत नाही, कारण त्या मुक्या अक्षरांत पुष्कळ ठिकाणी पूर्वजांची थडगी आहेत. 'रेन' हा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'रेग्न' असा लिहीत. त्यातला ग मऊ होऊन य झाला, तो य मागच्या स्वरात विरला, आणि लिहिण्यात त्याच्या जागी आय हे अक्षर राहिले. जर्मन भाषेत पावसाला अजून 'रेगेन' म्हणतात. तेथे ग जिवंत आहे. ब्रेन, फेअर, स्टेअर ह्या शब्दांतही आय ज्या जागी उभा आहे तेथे पूर्वी ग होता. पावसाळ्यात फळ्यावर 'रेन' लिहिणाऱ्या मुलाला ह्याची दाद नसते. पण तो ज्या अक्षरावर टिंब देतो ते टिंब एका बुडालेल्या गकारावर पडत असते. समोरच्या खाडीप्रमाणे हाही एक 'रिया'च म्हणावयाचा.

आणि आता राईकडे वळावे. मोहरीला संस्कृतात राजिका म्हणतात. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले क, ग, च, ज इत्यादी वर्ण प्राकृतात बहुधा गळून पडतात, असा नियम वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त सांगून ठेविला आहे. त्या नियमाने सूचीतला च जाऊन सुई झाली, राजकुलातला ज जाऊन राऊळ झाले, आणि राजिकेतला ज जाऊन राई झाली. झाडांच्या दाट रांगेला राजी म्हणत. तिचीही राई झाली, आणि ती आमराईत व देवराईत अजून उभी आहे. एवढ्यावर संपत नाही. विठोबाच्या शेजारी रखुमाईबरोबर जी राही किंवा राई सांगतात, ती राधिका. तिच्यातल्या ध चा आधी ह झाला आणि मग तोही क्षीण झाला. अशा तीन ठिकाणांहून निघालेल्या तीन स्त्रिया मराठीत आल्यावर एकाच नावाच्या झाल्या: एक फोडणीत पडणारी, एक सावली देणारी आणि एक विटेजवळ उभी राहणारी.

येथे दोन्ही भाषांचा स्वभाव स्पष्ट दिसतो. इंग्रजीतही एकाच उच्चाराचे तीन 'रेन' आहेत: पाऊस, घोड्याचा लगाम आणि राजाची कारकीर्द. तोंडाला ते तिन्ही सारखे; पण डोळ्यांना तिघांचे लेखन वेगळे दिसते, कारण प्रत्येकाने आपल्या घराण्याची खूण लिहिण्यात जपली आहे. कारकीर्दीच्या 'रेन'ने तर आपला ग अद्याप सोडलेला नाही. उच्चारात नसला तरी लेखनात तो आहे, कारण त्याचे लॅटिन मूळ 'रेग्नुम'. हे 'रेग्नुम' आणि आमचा राजन् हे एकाच मूळ धातूचे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच घराण्यातला 'रेग्युला' म्हणजे सरळ पट्टी. तिच्यावरून फ्रेंचांच्या वाटेने 'रेल' आली. तेव्हा विरारच्या गाडीखालचा रूळ आणि उत्तर हिंदुस्थानचा राय हे दूरचे चुलतभाऊ ठरतात. मराठीने मात्र तोंडात जे उरले तेच कागदावर लिहिले. तिन्ही राया कागदावर सारख्याच दिसतात. आम्ही उच्चाराशी प्रामाणिक राहिलो आणि वंशावळ विसरलो. इंग्रजांनी वंशावळ जपली आणि मुलांना पाठांतराची शिक्षा दिली.

अगदी न्यायाने बोलावयाचे तर आम्हीही हा मोह फार उशिरा सोडला. आमच्या वडिलांच्या पत्रांत 'गांव' आणि 'नांव' ह्या शब्दांवर टिंब असे. ते टिंब कोणी उच्चारीत नसे. ग्राम आणि नाम ह्यांतला म जेथे विरला तेथे ते ठेवलेले होते, 'रेन'मधल्या आयसारखेच. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने स्वीकारले आणि अशी सारी मुकी टिंबे एका फटक्यात गेली. योगायोग असा की त्याच १९६२ साली बर्नार्ड शॉच्या मृत्युपत्रातील इच्छेप्रमाणे त्याचे एक नाटक इंग्रजीसाठी मुद्दाम बनविलेल्या नव्या वर्णमालेत छापून निघाले. त्या वर्णमालेत पत्र लिहिणारा मनुष्य आज शोधावा लागेल, आणि आमची टिंबे परत यावीत म्हणून अश्रू ढाळणाराही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अ ची बाराखडी सुचविली तेव्हा राईतली ई 'अी' अशी लिहिण्याची वेळ आली होती. तो वेष काही नियतकालिकांनी काही काळ धारण केला आणि उतरवून ठेविला. राईचा उच्चार ह्या सर्व उलाढालींत तिळमात्र हलला नाही.

तो हलतो आहे आता, आणि म्हणूनच हा लेख. शब्दाचे लेखन कसेही असो, त्याला राखणारे कोश आणि व्याकरणे असतात. गावाच्या नावाला राखणारे तोंड एकच, ते त्या गावच्या माणसांचे. ते तोंड खंबीर असेल तर परक्यांनी काहीही लिहिले तरी बिघडत नाही. साष्टीचे 'सॅल्सेट' झाले, वसईचे 'बॅसीन' झाले, शिवेचे 'सायन' झाले. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १७३९ पर्यंत, सुमारे दोनशे वर्षे होता. पुढे इंग्रजी आली. रेल्वेच्या स्थानकावर 'बॅसीन रोड' अशी पाटी कित्येक वर्षे होती. परंतु बाजारहाट करणारी बाई आपण 'बॅसीन'ला राहतो असे कधी म्हणाली नाही. म्हणून पाटी बदलण्याची वेळ आली तेव्हा खरे नाव कोठे शोधावे लागले नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही ह्याची जाणीव होती. विल्यम हंटरने हिंदी नावे रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत घालून दिली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात दीर्घ स्वरांवर खुणा काळजीने दिलेल्या आहेत. पुढे छापखान्यांना त्या खुणा जड झाल्या आणि पाट्या रंगविणाऱ्यांना त्या कधी ठाऊकच नव्हत्या. खूण गेली की राई, राय आणि रे ही तीनही एकाच पोशाखात.

दुकानांवरच्या पाट्या देवनागरीत असाव्यात म्हणून २०२२ साली महाराष्ट्रात कायदा दुरुस्त झाला. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी उत्तम. परंतु नकाशा हातातल्या यंत्रात रोमन लिपीत उघडणाऱ्या माणसाला पाटी कोण दाखविणार? आणि त्याला सोपे पडावे म्हणून गावची मुलगीच 'राय' म्हणू लागली, तर कायदा कोणाच्या ओठांवर बसविणार? राईचा पर्वत करतो आहोत असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे इतकेच की 'राई' म्हटले तर मोहरी, झाडी आणि राही ह्यांपैकी कोणाची तरी आठवण शक्य असते. 'राय' म्हटले तर तिघीही गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रंथालयातून मोठा इंग्रजी कोश वर्गात नेला. त्या मुलीचा बाद झालेला शब्द त्यात आहे हे आम्हांस माहीत होते. 'राय' हा अल्जीरियातील ओरान शहराकडचा लोकसंगीताचा एक प्रकार. २०२२ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मत, म्हणजे हिंदीतली 'राय' तीच. स्क्रॅबलच्या इंग्लंडात चालणाऱ्या शब्दकोशातही ह्या तीन अक्षरांना मान्यता आहे. अर्थात तिचा शब्द ग्राह्य धरून आम्ही तिला त्याचे तीन गुण दिले. तिला आनंद झाला असेल असे आम्हांस वाटले होते. ती कोशातली ओळ दोनदा वाचून म्हणाली, "म्हणजे अल्जीरियातलं चालतं, सर, भाईंदरचं चालत नाही."

पुढे श्रावणात तिच्या घरच्यांनी अगत्याने बोलाविले म्हणून आम्ही सहकुटुंब राईस गेलो. बसमध्ये एका उतारूने "राय आलं का?" म्हणून विचारले, त्याला तिने "हो, राई" असे उत्तर दिले. ई जरा लांबविली होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती, त्यामुळे ती कोणासाठी लांबविली हे सांगता येणार नाही. अर्जांवर आपण हल्ली दोन ए घालून नाव लिहितो, आणि एका कचेरीतून कागदपत्रांशी मेळ बसत नाही म्हणून अर्ज परत आला, हेही तिने वाटेत सांगितले. "मग?" असे आम्ही विचारले. "मग पुन्हा दोन ए घालून दिला."

तिचा धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत पहिलीत होता. पाहुण्यांपुढे वाचून दाखव म्हणून त्याला ओटीवर बसविले. पुस्तकात छत्री घेतलेल्या मुलाचे चित्र होते. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने म्हटले, आर, ए, आय, एन, पहिल्या तिघांपाशी ओळखीचे हसला, आणि ठासून वाचले, "राईन."

बहीण त्याला सुधारावयास पुढे झाली. आम्ही तिला हाताने थांबविले आणि विचारले, "राईन म्हणजे काय रे?"

"पाऊस," तो म्हणाला, आणि पान उलटले.